किडके बाठे

"मेलो नाय तो. सोंग करता," लवूकाका म्हणाले.

माझ्या तळहातावर एक काळपट, खरखरीत भुंगा पाय पोटाशी घेऊन पडला होता. हरभऱ्याच्या दाण्याएवढा असेल. नुकताच मी तो आंब्याच्या बाठ्यातून काढला होता. आमच्याकडे घाटावर कोय म्हणतात, इथे बाठा. बाहेरून बाठा अगदी धडधाकट, ना भोक, ना डाग. कात्रीने कवच फोडलं तर आतली बी अर्धी खाल्लेली, सगळीकडे काळी भुकटी, आणि मधोमध हे महाशय.

"पण काका, भोकच नाही. हा आत शिरला कुठून?"

"शिराक नाय. आंबो बारको असतानाच आवय तेच्यावर अंडा घालता. अळी आत जाता, आंबो मोठो होता, भोक बुजान जाता. ह्याचो जल्मच आतलो."

मी भुंग्याला काडीने ढोसलं. हलेना. नाकाजवळ नेऊन बघितलं, तेवढ्यात स्वारी उठली आणि तुरुतुरु माझ्या बाहीत शिरली. मी जी किंचाळले! पिशव्या भरणाऱ्या बायका पोट धरून हसल्या. शेवंती गावडे तर मातीतच बसली.

ही गोष्ट चौऱ्याऐंशी सालच्या मे महिन्याच्या अखेरची. मी हेमलता जगदाळे, तासगावकडची, चोवीस वर्षांची. शेतकीची पदविका घेऊन पहिलीच नोकरी लागली होती, धामणखोलच्या सहकारी संस्थेच्या रोपवाटिकेत. हुद्दा तांत्रिक सहायक. लवू धुरी तिथले मुख्य कलमकार. साठी ओलांडलेले, अंगाने काटक, बोलायला तिखट. तीस वर्षं त्यांनी त्या वाफ्यांवर काढली होती.

काम सोपं वाटायचं. आंब्याची साठं, म्हणजे आंबापोळ्या, घालणाऱ्या घराघरांतून रायवळ आंब्याचे बाठे पोत्यांनी यायचे. ते धुवायचे, निवडायचे, वाळूच्या वाफ्यात पुरायचे. तांबूस कोवळं रोप वर आलं की त्याचा शेंडा छाटून त्यावर हापूसची काडी बांधायची. झालं कलम. बाठा रुजलाच नाही तर काडी बांधणार कशावर? म्हणून निवड महत्त्वाची, आणि ती लवूकाकांची. ते बाठे पाण्याच्या टाकीत ओतायचे. तरंगले ते फेकायचे, बुडाले ते वाफ्यात. त्यात कोणी बोट घालायचं नाही असा तिथला रिवाज होता.

मी त्याच दिवशी बोट घातलं. आणखी वीस बाठे फोडले, त्यांतल्या सहांत किडा. माझं डोकं फिरलं.

"काका, हे सगळे बाठे आधी चार दिवस कडक उन्हात वाळवायचे."

"कित्याक?"

"किडा मरेल. आमच्याकडे ज्वारी, तूर, हरभरा, सगळं वाळवूनच ठेवतात. खडखडीत वाळवलं की भुंगा राहत नाही."

"बाय, हो हरभरो न्हय. बाठो वलो असतानाच पुरूचो. सुकलो तर मेलो."

"आणि किडका पुरला तर? खाल्लेलं बी रुजतं का कधी?"

"रुजता."

"अर्धं खाल्लेलं?"

"रुजता म्हणतंय मा."

मी हसले. सगळ्यांसमोर हसले, हे सांगायलाच हवं. पदविकेचा कागद पेटीत ताजा होता आणि घरात तीन पिढ्यांचं धान्य मी स्वतःच्या हातांनी उन्हात पसरलं होतं. बी म्हणजे काय ते मला कोणी शिकवावं?

लवूकाकांनी खांद्यावरचा पंचा झटकला. "मी एकदा सांगतंय. दोनदा सांगूची माका सवय नाय," म्हणाले आणि टाकीकडे निघून गेले.

बाठे वाळले. मीच बायकांकडून ते संस्थेच्या खळ्यावर चार दिवस पसरून घेतले होते, वर आगीसारखं ऊन. कवचं तडकली तशी भुंगे बाहेर पडले आणि तापलेल्या खळ्यावर मरून पडले. मी रोज संध्याकाळी झाडूने गोळा करून मोजायची. दोनशे तेरा. वहीत लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या. एवढा आनंद मला परीक्षेच्या निकालानेही झाला नव्हता.

पाचव्या दिवशी लवूकाकांनी एक टोपली टाकीत ओतली. थोडा वेळ पाण्याकडे बघत उभे राहिले. मग टोपली बाहेर काढली आणि बायकांना सांगितलं, "पाणी नको. असेच पुरा." मला वाटलं, रुसलेत. मी विचारलं नाही.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात वाफे बघवत नव्हते. एरवी शंभरातले सत्तर-पंचाहत्तर उगवायचे. यंदा मोजून वीसही नाहीत. मधेच एखादं तांबडं रोप, बाकी नुसती ओली वाळू. चेअरमन बांदिवडेकर छत्री घेऊन वाफ्यावर आले, सगळ्या रांगा चालून पाहिल्या आणि लवूकाकांसमोर उभे राहिले.

"धुरी, बाठे पाण्यात घातले होते?"

"नाय."

"का नाही? तीस वर्षं घालता ना?"

लवूकाकांनी माझ्याकडे पाहिलं. मी वाफ्याकडे पाहिलं.

"जा काय सांगूचा ता एकदा सांगलंय," ते म्हणाले.

चेअरमनना तो उर्मटपणा वाटला. वाटणारच. "म्हणजे निवड केलीच नाही. किडके बाठे तसेच पुरले," ते म्हणाले. "कमिटीची बैठक पंधरा जुलैला आहे. तोवर घरी बसा. बैठकीत काय ते ठरेल."

लवूकाकांनी खिशातला कलमाचा चाकू मिटला, शेडची चावी टेबलावर ठेवली आणि छत्री न घेताच निघाले. शेवंती त्यांच्या मागे धावली, फाटकापर्यंत जाऊन परत आली.

आता माझं ऐका. तेव्हा मला मनापासून वाटत होतं की दोष किड्याचाच आहे. ऊन थोडं कमी पडलं असेल, काही अळ्या आत जगल्या असतील, त्यांनी उरलेलं बी खाल्लं असेल. पण लवूकाकांचं ते 'रुजता' कानात बसलं होतं. तो माणूस खोटं बोलणारा नव्हता. अर्धं खाल्लेलं बी रुजतं? कसं रुजेल? मला बघायचंच होतं.

मी चेअरमनांकडे गेले. "साहेब, एक छोटा प्रयोग करते. एकवीस दिवस लागतील."

"करा. तुमच्यासारख्या शिकलेल्यांनीच करायचं," ते म्हणाले.

होळदेवाजवळ, गावची होळी उभी राहते त्या जागी, एक उशिरा पिकणारा रायवळ होता. शेवंती आणि मी तीन दिवस त्याचे आंबे गोळा करत होतो. बाठे हवेत म्हटल्यावर आंबे खायलाच लागणार. हनुवटीवरून रस ओघळेपर्यंत खाल्ले. शेवटी शेवंती म्हणाली, "बाय, ह्या जल्मात आता आंबो नको," आणि लगेच आणखी एक उचलला.

मग प्रत्येक बाठ्याचं कवच अलगद कापून बी बाहेर काढलं. कवच काढलं की किडका कोणता, चांगला कोणता ते दिसतंच, आणि रोपही लवकर येतं. चार गट केले, प्रत्येकात चाळीस. ताजे चांगले, ताजे किडके, वाळवलेले चांगले, वाळवलेले किडके. ऊन आता कुठलं? वाळवायचे होते ते शेवंतीच्या चुलीवरच्या माळ्यावर चार दिवस ठेवले, ताजे तोवर ओल्या गोणपाटात. एक जुलैला चारही गट पुरले. रोज मोजायचे म्हणून वहीत आडव्या-उभ्या रेघा मारल्या, वर तारखा घातल्या.

इतकी मजा मला आयुष्यात कशात आली नाही. सकाळी तोंड धुण्याआधी मी वाफ्यावर. सातव्या दिवशी पहिलं बोटभर तांबडं रोप दिसलं, ते किडक्यांच्या गटातलं! मी ओरडून शेवंतीला बोलावलं.

"लवूकाका काय सांगीत होते?" ती म्हणाली.

"थांब. एकाने काय होतंय?"

नवव्या दिवशी मोजलं. ताजे चांगले चोवीस. ताजे किडके एकवीस. वाळवलेले चांगले एक. वाळवलेले किडके, शून्य.

मी पुन्हा मोजलं, मग शेवंतीकडून मोजून घेतलं.

किडक्यातलं एक रोप मी हलकेच उपटलं. बीचं एक दळ जवळजवळ संपलेलं, दुसऱ्यात बोगदे. पण कोपऱ्यात, जिथून कोंब फुटतो ती जागा, भुंग्याने सोडून दिलेली. उरलेल्या तुकड्यावर रोपाने आपलं भागवलं होतं. जरा बारीक होतं, पण जिवंत. वाळवलेलं चांगलं बी उकरलं तर ते चामड्यासारखं, बोटाने दाबलं तरी दबेना. किड्याचा दात लागलेला नाही आणि मेलेलं.

मेमधल्या बाठ्यांची एक टोपली शेडमध्ये उरली होती. ती मी टाकीत ओतली. सगळे तरंगले. एकही बुडाला नाही. दहा काढून फोडले, त्यांतले आठ बिनकिड्याचे. म्हणजे त्या दिवशी लवूकाकांनी पाण्यात निवड केली असती तर सगळेच फेकावे लागले असते. वाळून सगळेच हलके झाले होते, पाण्याला आता चांगला-वाईट कळतच नव्हता. म्हणून त्यांनी टोपली बाहेर काढली होती.

"म्हणजे ते उनान मेले?" शेवंतीने विचारलं.

"असं इतक्यात म्हणता येत नाही."

"कित्याक नाय? समोर दिसता आसा."

"अगं, काही बिया उशिरा रुजतात. वाळवलेल्यांना कदाचित जास्त दिवस लागत असतील. एकवीस दिवस ठरवलेत ना, मग एकवीस दिवस थांबायचं. प्रयोग असाच करतात."

शेवंती वाफ्यात पाणी तुंबलंय का ते बघायला गेली.

मी मोजत राहिले. रोपांची उंची घेतली, पानं मोजली, किडक्यांतल्या कोणी किती दळ गमावलं त्याची चित्रं काढली. काचेच्या बरणीत चार भुंगे पाळले. स्पर्श केला की ते किती वेळ मेल्याचं सोंग करतात ते घड्याळ लावून पाहिलं. एक पठ्ठ्या अकरा मिनिटं पडून राहिला. वही भरत चालली होती.

अकराव्या दिवशी शेवंतीने पिशव्या भरता भरता सांगितलं, "लवूकाका घरातसून भायर पडनत नाय. बागवाल्या देसायांनी यंदा कलमा बांधूक दुसरो माणूस आणलो. वीस वर्सा काकाच बांधीत होते."

"का?"

"लोक म्हणतत, तेंका आता बाठो वळखाक येना नाय."

मी म्हटलं, "होईल सगळं नीट," आणि पट्टी घेऊन पुढच्या रांगेकडे गेले.

पंधरा तारखेला कमिटीची बैठक झाली. सात जण होते, चहा झाला, वाफ्यांचा विषय निघाला. मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर वही मांडीवर घेऊन बसले होते. चेअरमननी विचारलं, "जगदाळेबाई, तुमच्या प्रयोगाचं काय?"

"अजून सहा दिवस आहेत, साहेब."

"काही अंदाज?"

"पूर्ण झाल्यावरच सांगते. अर्धवट आकडे देणं बरोबर नाही."

दोघा-तिघांनी कौतुकाने मान हलवली. मग ठराव झाला. निवडीत हयगय केल्याबद्दल लवू धुरी यांना कामावरून कमी करण्यात येत आहे. शेडची चावी शेजारच्या गावच्या एका माणसाकडे दिली. सगळं मिळून दहा मिनिटं लागली.

एकवीस जुलैला मी शेवटचं मोजलं. ताजे चांगले छत्तीस, ताजे किडके तेहतीस, वाळवलेले चांगले तीन, वाळवलेले किडके दोन. स्वच्छ अक्षरात पूर्ण तक्ता काढला आणि चेअरमनच्या घरी गेले. त्यांनी तो दोनदा वाचला.

"म्हणजे किड्याने फारसं बिघडलं नाही. वाळवल्याने बिघडलं."

"हो."

"वाळवायला कोणी सांगितलं होतं?"

"मी. धुरीकाका नको म्हणाले होते. मी ऐकलं नाही."

बांदिवडेकरांनी तक्ता परत माझ्या हातात दिला. मला वाटलं, आता माझी नोकरी गेली. तो माणूस तसा वाईट नव्हता. म्हणाले, "ठराव मी फिरवून घेतो. धुरींना बोलावून आणा. तुम्हीच जा."

मी जवळजवळ पळतच गेले. खोटं का बोलू, मला फार हलकं वाटत होतं. खरं सांगून टाकलं होतं, चूक कबूल केली होती, हातात पुरावा होता. लवूकाका बरोबर होते हे मी आकड्यांनी सिद्ध केलं होतं! ते खूश होतील, 'बघ, सांगलंय का नाय,' म्हणतील, काकी चहा करतील, असं सगळं मनात मांडत मी पायवाट चढले.

लवूकाका पडवीत बसून माडाच्या हिरांची केरसुणी बांधत होते. दाढी वाढली होती. मला बघून उठले नाहीत, पण पाट सरकवून दिला.

"काका, तुम्ही म्हणालात ते खरं होतं. किडके रुजतात. मी वाळवायला लावले तेच चुकलं. चेअरमनना सांगितलंय सगळं. त्यांनी तुम्हाला बोलावलंय."

"तू सांगलंस? तुझा नाव घेवन?"

"हो."

त्यांनी मान हलवली. बरं वाटलं असावं. "बघू काय केलंस ता," म्हणाले.

मी वही दिली. त्यांनी आतून चष्मा मागवला. काकींनी तो आणून दिला आणि दारातच उभ्या राहिल्या. लवूकाका अक्षरं सावकाश वाचत, पण आकड्यांना पक्के. बोट तक्त्यावरून फिरू लागलं. मी मधे मधे समजावत होते. हा ताज्यांचा रकाना, हा वाळवलेल्यांचा, ही तारीख, ही उंची. कोंबाच्या चित्रावर ते थांबले. "ही जागा तो खायत नाय. बरा काढलंस," म्हणाले. मी लाजले.

मग बोट परत मागे गेलं आणि एका रकान्यावर थांबलं.

"ही नऊ तारीख?"

"हो."

"चोवीस, एकवीस, एक, शून्य."

"हो."

"हयच कळला."

"म्हणजे... दिसायला लागलं होतं."

"हय खाली लिवलंस, टोपली टाकीत ओतली, सगळे तरंगले. ता पण नऊ तारखेक?"

"हो, काका."

बोट पुढे सरकलं. दहा, अकरा, बारा. प्रत्येक रकान्यात नीट भरलेले आकडे. पंधरावर थांबलं. त्या दिवशीही मी सकाळी मोजलं होतं. चौतीस, एकतीस, दोन, एक.

"बैठक पंदरा तारखेक झाली," ते म्हणाले. "तू थय होतंस?"

"होते."

लवूकाकांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. मी भुंग्याकडे बघायचे तसं, खरोखरच जाणून घ्यायचंय असं.

"बाय, नऊ तारखेक तुका कळला. मगे बारा दिस तू काय बघीत होतंस?"

प्रयोग असाच करतात, अर्धवट आकडे देऊ नयेत, उशिरा रुजणाऱ्या बियांना संधी द्यायला हवी, हे सगळं माझ्या जिभेवर तयार होतं. शेवंतीला दिलं होतं, कमिटीला दिलं होतं, आणि इतके दिवस मलाही देत आले होते. दारात काकी उभ्या होत्या. पदराने हात पुसत होत्या, हात कोरडेच होते.

"घाबरले होते," मी म्हटलं. "माझी चूक निघेल म्हणून. नोकरी जाईल म्हणून. मोजत बसले की ते आठवायचं नाही."

"ता माका म्हायत आसा," लवूकाका म्हणाले. त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली, नऊच्या रकान्यावर बोट तसंच ठेवून. "ता पण हय लिव."

मला वाटलं, थट्टा करतायत. तोंडाकडे पाहिलं. थट्टा नव्हती.

"सगळा लिवलंस. भुंगो अकरा मिंटा सोंग करता ता लिवलंस. ह्या कित्याक ऱ्हवला?"

मी पेन उघडलं. त्यांच्या बोटाच्या बाजूला जागा फार थोडी होती, म्हणून समासात लिहिलं. आज कळलं. घाबरून सांगितलं नाही. माझं नाव घातलं. अक्षर इतकं वाकडं आलं की त्या नेटक्या वहीत ते कोणा दुसऱ्याचंच वाटत होतं.

लवूकाकांनी ते सावकाश वाचलं, एकेक अक्षर लावून. मग वही मिटून काकींकडे दिली.

"ही आत ठेव," ते म्हणाले. "देसायांकडे दाखवूक व्हयी."